भेग की ओरखडा

हणमंता,

तुझ्या खुर्चीवर बसायला मला सांगितलंय.

मुख्य कार्यालयाचं पत्र बुधवारी आलं, इथं मिरजेजवळ, विश्रामबागेतल्या घरी. तुझं तेरावं करून मी वडूजहून परतलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. वाचून ते आधी खिशात ठेवलं, मग कपाटात, मग कपाटातून काढून परत खिशात. बायको म्हणाली, "अहो, बढतीचं पत्र ना? मग कुणी गेल्याची तार आल्यासारखं तोंड का झालंय?" मी म्हणालो, ऊन लागलं असेल. तेव्हापासून चपातीचा तुकडा तोंडात फिरत राहतो.

तुझ्यावर लोक लिहितील. दुष्काळी खटावातल्या एका शिपायाचा मुलगा विमानाच्या कारखान्याचा जनरल मॅनेजर झाला, हे लिहिण्यासारखं आहेच. ते त्यांनी लिहावं. मला लिहायचंय ते त्यांना ठाऊक नाही. ते एका बंद खोलीत आपल्या दोघांत घडलं, आणि त्या दोघांतला तू आता नाहीस.

तुला आठवतं, इथल्या कॉलेजात तू आलास तेव्हा पहिले सहा महिने वर्गात तू तोंडच उघडलं नाहीस? बोललास की मुलं हसायची. 'विमान'ला तू 'इमान' म्हणायचास. मास्तरांनी एकदा सगळ्यांसमोर तुला तो शब्द तीनदा म्हणायला लावला. तू तिन्ही वेळा 'इमान'च म्हणालास. चुकून नव्हे, मुद्दाम. मी शेजारी बसलो होतो, तुझे कान लाल झालेले मला दिसत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, "एकदा नीट म्हणाला असतास तर सुटला असतास की." तू म्हणालास, "आन् मग घरी जाऊन आईला काय म्हनू? तिला इमानच कळतंय." त्या रविवारी मी तुला घरी जेवायला आणलं. पुढं चार वर्षं तुझा रविवार आमच्याकडंच असायचा. माझी आई तुझ्यासाठी मुद्दाम भाकरी टाकायची, आणि मी चपाती मागितली की म्हणायची, "हणमंता बघ कसा मुकाट जेवतो."

मग आपण दोघं एकाच कारखान्यात लागलो. मिरजेहून गाडी धरून जायचं, सुट्टीला तसंच परत यायचं. कारखान्याचं नाव तू गावात कधी सांगितलं नाहीस, मीही इथं लिहीत नाही.

तू जोडणीत होतास, मी तपासणीत. पण विमानाच्या पोटात सरपटत शिरणारा तूच. तुझा एक नेम होता. ज्या विमानावर तुझी सही, त्याच्या पहिल्या उड्डाणाला तू मागच्या सीटवर बसायचास. कुणी सांगितलं नव्हतं. परत उतरलास की तुझा सदरा घामानं पाठीला चिकटलेला असायचा. एकदा मी विचारलं, "इतकी भीती वाटते तर बसतोस कशाला?"

"भ्या वाटतं म्हनून तर बसतो रं," तू म्हणालास. "मला भ्या वाटलं तरच हात नीट चालत्यात."

कामगारांना हे ठाऊक होतं. म्हणून तुझ्या पाळीत कुणी रिव्हेट अर्धवट ठोकत नसे.

आपलं पहिलं मोठं भांडण तुझ्या बढतीवरून झालं. तुला कारखान्याचा व्यवस्थापक करायचं ठरलं तेव्हा मी इथं सुट्टीवर होतो, तूही सुट्टी काढून थेट माझ्याकडं आलास. आपण दोघं याच घराच्या पायरीवर बसलो होतो, मधे भडंगाचं ताट. तू भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचून खात होतास आणि मला राग येत होता.

"मी न्हाई म्हनून सांगनार हाय," तू म्हणालास.

"का?"

"खुर्चीतनं इमान दिसत न्हाई गड्या. कागद दिसत्यात."

"तू नाही बसलास तर दुसरा कुणी बसेल. त्याला कागद आणि विमान यातला फरकही कळायचा नाही. मग तू खाली कितीही नीट काम कर, वरून एक सही आली की संपलं."

"आन् माझ्या सहीनं काय झालं तर?"

"मी आहे ना तपासणीत," मी म्हणालो. "माझ्याकडून गेल्याशिवाय तुझ्यापर्यंत काही येणारच नाही."

हणमंता, हे वाक्य मी बोललो. छाती पुढं काढून बोललो. तू माझ्याकडं पाहिलंस आणि ताट माझ्याकडं सरकवलंस. त्यात नुसते चुरमुरे उरले होते. दुसऱ्या दिवशी तू हो म्हणून कळवलंस.

खुर्ची आली आणि पहिल्याच आठवड्यात हुकूम आला, की व्यवस्थापकानं चाचणीच्या उड्डाणात बसू नये. तू तो कागद मला दाखवलास, हसलास, पण तुझा चेहरा उतरला होता. त्यानंतर विमान वर गेलं की तू धावपट्टीच्या कडेला उभा राहायचास, हात पाठीमागं बांधून. ते खाली उतरेपर्यंत तुझ्याशी कुणी बोलत नसे.

मग आणीबाणीचं ते वर्ष. कारखान्याच्या भिंतींवर शिस्तीच्या आणि वेळेच्या घोषणा रंगवलेल्या. पाहुणे येणार होते, अकरा विमानं रांगेत उभी करून दाखवायची होती. तारीख ठरली होती, आणि ती हलवा असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. आदल्याच महिन्यात उशिराचं कारण लेखी दिलं म्हणून एका विभागप्रमुखाला घरी बसवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत लोक हवापाण्याबद्दलसुद्धा हळू आवाजातच बोलत.

त्या दिवसांत सहाव्या विमानाच्या डाव्या चाकाचा पोलादी जोड माझ्या टेबलावर आला. तुला माहीत असलेलंच लिहितो. जोडाला लाल रंग लावायचा, पुसून टाकायचा, वर पांढरी पावडर मारायची. धातू धड असेल तर पावडर पांढरीच राहते. भेग असेल तर आत मुरलेला रंग वर येतो. मी पावडर मारली आणि पाहत राहिलो. हळूहळू एक रेघ उमटली. अर्ध्या नखाएवढी, केसासारखी बारीक.

ओरखड्यातूनही कधी कधी रंग येतो. पण तो फिकट येतो, पसरट येतो. ही रेघ तशी नव्हती. मला ते पाहताक्षणी कळलं होतं. आज पहिल्यांदा लिहितोय.

ती भेग असेल तर अकराही विमानांचे जोड उतरवावे लागणार होते. म्हणजे तारीख गेली. आणि ती कुणाच्या अहवालानं गेली, तर माझ्या. जोड फडक्यात गुंडाळून मी तुझ्या खोलीत आलो. तू दार लावलंस, जोड खिडकीपाशी नेलास, उजेडात धरून बराच वेळ पाहिलास.

"वश्या, काय हाय हे? भेग का वरखडा?"

माझ्या डोळ्यांपुढं बायको आली, घरी बसवलेला तो विभागप्रमुख आला.

"ओरखडा असावा, साहेब," मी म्हणालो.

इतक्या वर्षांत तुला मी पहिल्यांदा साहेब म्हणालो. तू वळून माझ्याकडं पाहिलंस.

"नक्की?"

"नक्की."

तपासणीच्या चिठ्ठीवर सही माझी हवी होती. चिठ्ठी समोर होती, पेन हातात होतं. मी म्हणालो, पेन चालत नाही. पेन चालत होतं, हणमंता. तू माझ्या हातातलं पेन पाहिलंस. स्वतःचं पेन काढलंस, 'ओरखडा, वापरण्यास योग्य' असं लिहिलंस आणि खाली तुझी सही केलीस. मी फडकं तिथंच विसरून बाहेर आलो.

चौथ्या दिवशी सकाळी मकरंदनं ते विमान वर नेलं. साताऱ्याचा मकरंद, आपल्या भागातला म्हणून तुझा लाडका. वर सगळं ठीक झालं. तू पट्टीच्या कडेला हात मागं बांधून उभा होतास, मी तुझ्यापासून दहा पावलांवर. चाकं टेकली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. माझा श्वास सुटला. आणि मग डावं चाक आत दुमडलं. अगदी सावकाश, गुडघा मोडल्यासारखं. पंख जमिनीला लागला, विमान फिरलं, पट्टी सोडून मातीत गेलं आणि धुळीत दिसेनासं झालं.

तू पळत सुटलास. सगळे पळाले. मी पळालो नाही. धूळ बसेपर्यंत मी त्याच जागी उभा होतो, आणि माझ्या मनात मकरंद नव्हता. मनात एवढंच होतं, की चिठ्ठीवर माझी सही नाही.

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मकरंद वाचला. पाठीचा कणा गेला.

त्याच दुपारी तू मुख्य कार्यालयाला फोन लावलास. मी खोलीत होतो. "अकराही विमानांची उड्डाणं मी थांबवलीत," तू म्हणालास. पलीकडून बरंच बोलणं आलं. तू ऐकत राहिलास. मग म्हणालास, "व्हय साहेब, तारीख चुकेल. व्हय, माझ्या जबाबदारीवर." गडबडलास की तुझी भाषा गावावर यायची. जोड उतरवले, आणखी दोन जोडांत भेग निघाली. त्या दोन विमानांतही कुणीतरी बसणार होतं.

चौकशीत पाच जण टेबलापलीकडं बसले होते. त्यांनी तुला विचारलं, ओरखडा आहे असं कुणाचं मत पडलं? मी बाहेर बाकावर होतो, दार नीट लागलं नव्हतं. "माझं," तू म्हणालास. तपासणी कुणी केली? "जोड मी स्वतः पाहिला." तू खोटं नाही बोललास. पण पुढचं गाळलंस. बाकावर बसून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी तुझी भीती वाटायला लागली. तू मला आत ओढलं असतंस तर बरं झालं असतं. न ओढल्यामुळं मी रोज वाट पाहत राहिलो, की आज बोलेल, उद्या बोलेल. तू जिन्यात दिसलास की मी दुसऱ्या जिन्यानं जायचो.

तुला ठपका मिळाला, पगारवाढ थांबली. मग सरकार बदललं, वरची माणसं बदलली. नव्या लोकांनी जुन्या फायली काढल्या आणि म्हणाले, ज्यानं आणीबाणीत अकरा विमानं जमिनीवर रोखून धरली तो माणूस हवा. तू जनरल मॅनेजर झालास. पेढे मी वाटले. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा.

त्या वर्षी नागपंचमीला तू आम्हाला शिराळ्याला नेलंस, वहिनींच्या माहेरी. तिथल्या नागांच्या जत्रेच्या गर्दीत एकानं मडक्यातून नाग काढला. माझी बायको चार पावलं मागं सरली. तू मात्र नागाकडं पाहतच नव्हतास. मला बाजूला घेऊन म्हणालास, "वश्या, समदे मला धाडसी म्हनायला लागल्यात. मला लय भ्या वाटतंय रं. सही करायला पेन उचललं की मकरंदाची आई दिसती."

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. तू थांबला होतास. मला आता कळतं, तू थांबला होतास. मी म्हणालो, "होईल सवय." तू मान हलवलीस आणि वहिनींना शोधायला गर्दीत गेलास.

त्यानंतर सात महिन्यांनी तार आली. वडूजला सुट्टीवर असताना, भर दुपारी, जेवायला बसल्या जागी तू गेलास. मी पोहोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

तेराव्याला मी गप्पच होतो. पण हे पत्र आल्यावर राहवेना. गुरुवारी परत वडूजची एस. टी. धरली. ताराबाई वहिनी ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या भावजी. परवाच तर गेलता. काय राहिलं का हितं?"

मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सगळं वाचलं, घडी घालून परत दिलं. "मग? चांगलंच हाय की. ह्यांच्या जागी तुमीच पायजे."

"वहिनी, तो ओरखडा नव्हता," मी म्हणालो. "मला दिसलं होतं. मी घाबरून खोटं सांगितलं. आणि सहीसुद्धा केली नाही."

त्यांचे हात सुपात थांबले. मला वाटलं, त्या उठून आत जातील. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"त्यानं सांगितलं?"

"तिथल्या क्वार्टरात घरी आल्या आल्या सांगितलं हुतं, इमान पडलं त्याच दिवशी. म्हनले, रेघ मला बी दिसली. वश्या भ्याला, आन् तो भ्याला म्हनून मी सुटलो. मी बी तेच ऐकायला टेकलो हुतो, मला बी वरखडाच पायजे हुता." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "आवं, ते तुमची वाट बघत हुते. दर सुट्टीला म्हनायचे, ह्या खेपेला वश्या बोलंल. तो बोलला की मी बी बोलंन. दोघं मिळून मकरंदाकडं जाऊ."

हणमंता, इतके दिवस मी तुला भीत होतो आणि तू माझी वाट पाहत होतास. तुला राग होता म्हणून तू गप्प नव्हतास. तुला लाज होती. मला जी होती तीच. एकदा तू विचारलं असतंस, एकदा मी बोललो असतो. शिराळ्याच्या त्या गर्दीत दोन वाक्यांचं काम होतं. आणि तरी मनात आलं, की तूच का नाही बोललास? तू माझ्याहून धीट ना? हे भांडण आता मी कुणाशी करू?

निघताना वहिनी म्हणाल्या, "मकरंदाकडं तेवढं जावा. ह्यांचं जायचं राहिलंय ह्या सुट्टीतलं."

शुक्रवारी साताऱ्याला गेलो. मकरंदचं घर तुला पाठ, मला तिघांना विचारावं लागलं. दारात गेल्यावर मी परत फिरलो, कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि परत आलो. त्याची आई बाहेर आली. "हणमंतरावांचे मित्र का तुम्ही? या, या. ते गेल्याचं कळल्यापासून हा नीट बोललेला नाही." त्या चहा टाकायला आत गेल्या.

मकरंद खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होता. बारीक झालाय. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. रेघ, साहेब म्हणणं, न चालणारं पेन. रेघ तुलाही दिसली होती, हेही सांगितलं. तुला विचारल्याशिवाय सांगितलं, त्याबद्दल माफ कर.

त्यानं खुर्ची खिडकीकडून माझ्याकडं वळवली. मग म्हणाला, "केवढी होती?"

मी अंगठ्याच्या नखाच्या मध्यावर बोट ठेवून दाखवलं.

"एवढी?" तो म्हणाला. हसला नाही, रडलाही नाही. "हणमंतराव दर सुट्टीत यायचे. मी एकदाच विचारलं, तपासणी कुणाची. म्हणाले, माझी. मला तेव्हाच वाटलं होतं, हा माणूस कुणाला तरी पाठीशी घालतोय. त्या माणसाचा मी रोज विचार केलाय. तो कसा दिसत असेल, जेवत कसा असेल."

मी दाराशेजारच्या स्टुलावर बसलो.

"आई चहा आणतेय, तो प्या," तो म्हणाला. "तिला काही सांगू नका, तिला झेपणार नाही. आणि मी तुम्हाला माफ वगैरे करेन, असं समजून आला असाल तर ते आज होणार नाही."

"मी त्यासाठी नाही आलो."

"मग पुढच्या सुट्टीतही या."

चहा मी प्यालो. त्याच्या आईनं विचारलं, साखर बरोबर आहे ना?

काल मी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. जे घडलं ते तसंच, भेगेला भेग म्हणून. तुझं नावही त्यात आहे, कारण ते गाळलं तर पुन्हा अर्धंच खरं होईल. याबद्दल तू माझ्याशी भांडला असतास की पाठ थोपटली असतीस, मला सांगता येत नाही. वहिनींना वाचून दाखवायला कालच तिसऱ्यांदा वडूजला गेलो. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "धाडा." पत्र तिथल्याच पोस्टात टाकलं. खाली लिहिलंय, की सोमवारी मी हजर होतोय, खुर्चीत बसवायचं की चौकशीपुढं उभं करायचं ते तुम्ही ठरवा.

आज रविवार. बायकोला सकाळी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझी बॅग भरायला घेतली. संध्याकाळी मिरजेहून गाडी आहे. पत्र माझ्याआधी पोहोचतं की मी पत्राआधी, कुणास ठाऊक. नोकरी राहील का, माहीत नाही. राहिली तर त्याहून जास्त भीती वाटते, कारण मग परवा कुणीतरी फडक्यात गुंडाळून काहीतरी माझ्या टेबलावर आणून ठेवील, माझ्या तोंडाकडं बघत उभा राहील, आणि मी काय ऐकायला टेकलोय ते त्याला माझ्या चेहऱ्यावर दिसेल.

लय भ्या वाटतंय, हणमंता. हे तुला त्या दिवशी, त्या खोलीत सांगायचं होतं.

तुझा,
वश्या